सोफा-क्लीनिंगसाठी मशीन आणि हँड टूल कसं निवडावं

सोफा-क्लीनिंगच्या धंद्यात उतरायचं ठरवलं की पहिला प्रश्न असतो, "मशीन कुठलं घेऊ?" विक्रेता वॅट सांगतो, प्रेशर सांगतो, टाकी किती लिटरची ते सांगतो आणि मग मोबाइलवर व्हिडिओ दाखवतो. त्यात नळीच्या टोकाच्या पारदर्शक टूलमधून चहाच्या रंगाचं पाणी धावत असतं. ते बघून निम्मे लोक तिथेच ॲडव्हान्स देऊन मोकळे होतात.

गिऱ्हाईक यातलं काहीच बघत नाही. डाग गेला का आणि संध्याकाळी बसता येईल का, एवढंच त्याला कळतं. डाग थोडा राहिला तर माणसं समजून घेतात. पण आतला फोम ओला राहून तिसऱ्या दिवशी कुबट वास सुटला, की फोन येतो, पैसे परत मागितले जातात आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमचं नाव फिरतं. पाणी मारायला साधा स्प्रे पंपही चालतो. मारलेलं पाणी परत ओढून घेणं हेच खरं काम आहे, आणि पैसे त्यासाठीच मोजायचे. मी पुण्यात हे काम करतो. नव्याने सुरू करणारे मला जे विचारतात, ते इथे क्रमाने लिहितोय.

१. आधी कापड ओळखा, मग टूल

आपल्याकडच्या घरांत दिसणारे सोफे साधारण असे: पॉलिएस्टरचं जाड कापड, मोल्फिनो, चेनिल, व्हेल्वेट, जूट किंवा लिननचं मिश्रण, रेक्झिन आणि क्वचित खरं लेदर. रेक्झिन आणि लेदरला पाणी ओढणारं यंत्र लागतच नाही. मऊ ब्रश, त्यांचं वेगळं क्लीनर आणि मायक्रोफायबरचं फडकं पुरतं. तुमच्या भागात रेक्झिनचेच सोफे जास्त असतील, तर मोठ्या मशीनचा विचार सध्या बाजूला ठेवा.

ब्रँडेड सोफ्याच्या गादीखाली किंवा चेनच्या आत लेबल असतं. त्यावर 'डब्ल्यू' असेल तर पाण्याने धुता येतं. 'एस' म्हणजे फक्त सॉल्व्हंट, 'डब्ल्यूएस' म्हणजे दोन्ही चालतं. 'एक्स' दिसलं तर फक्त कोरडं व्हॅक्युम करायचं आणि हात आखडता घ्यायचा. कारागिराकडून बनवून घेतलेल्या सोफ्याला मात्र लेबल नसतंच. तिथे गिऱ्हाइकाला विचारून चेनच्या आतल्या शिवणीतला एखादा धागा काढायचा आणि घराबाहेर जाऊन काडीने पेटवायचा. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. सुती, जूट आणि व्हिस्कोस कागदासारखे जळतात आणि राख उरते. लोकर आणि रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. मणी झाला तर निर्धास्त पाणी वापरा. राख झाली तर पाणी कमीत कमी, कारण सुती आणि जुटाचं कापड जास्त भिजलं की वाळताना तपकिरी डाग वर येतात. व्हिस्कोसचं व्हेल्वेट असेल तर नुसत्या पाण्याच्या थेंबानेही लव बसते आणि खूण राहते. पहिल्या वर्षात असं काम सरळ नाकारलं तरी चालेल.

ही ओळख आधी सांगितली, कारण टूलची निवड यावरच ठरते. तुमच्याकडे ऐंशी टक्के पॉलिएस्टर आणि मोल्फिनो येणार असेल तर एक टूल, जूट-लिनन जास्त असेल तर दुसरं.

२. यंत्राच्या आत काय असतं

थोडक्यात सांगतो. स्वच्छ पाण्याची टाकी, ते दाबाने पाठवणारा छोटा पंप, ओढणारी मोटर आणि घाण पाण्याची टाकी. या सगळ्याला जोडलेली दुहेरी नळी आणि तिच्या टोकाला हातात धरायचं हँड टूल. याला एक्स्ट्रॅक्शन मशीन म्हणतात. दुकानात नुसतं 'सोफा मशीन' म्हटलं तरी कळतं.

बजेट अगदीच कमी असेल तर तीस लिटरचा वेट अँड ड्राय व्हॅक्युम, त्याच्या नळीला बसणारं पारदर्शक एक्स्ट्रॅक्शन नोझल आणि हाताने हवा भरायचा दोन लिटरचा स्प्रे पंप एवढ्यावरही काम सुरू करता येतं. वेळ जास्त जातो, हात दुखतात, पण सोफा चांगला धुतला जातो. कर्ज काढून मोठं मशीन घेण्यापेक्षा पहिले काही महिने हे बरं, असं माझं मत आहे.

आणि स्टीम मशीन? वाफ पाणी ओढत नाही. मळ सैल करते आणि तिथेच सोडते. दूध, अंडं, रक्त यांचे डाग उष्णतेने उलट पक्के होतात आणि व्हेल्वेटची लव चपटी होते. "स्टीम आहे म्हणजे सगळं निघतं" असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या, पैसे देऊ नका.

३. सक्शनचे आकडे वाचायला शिका

वॅट म्हणजे मोटर वीज किती खाते. ओढते किती, हे त्यावरून कळत नाही. माहितीपत्रकात दोन आकडे शोधा.

पहिला आकडा व्हॅक्युमचा. तो मिलिबारमध्ये, पाण्याच्या इंचांमध्ये किंवा पाण्याच्या मिलिमीटरमध्ये देतात, आणि तीन विक्रेते तीन मापं सांगतात म्हणून तुलना जमत नाही. १०० मिलिबार म्हणजे साधारण ४० इंच, म्हणजेच १,००० मिलिमीटरहून थोडं जास्त. चांगल्या पोर्टेबल सोफा मशीनला २०० ते २५० मिलिबार असतो. दुसरा आकडा हवेच्या प्रवाहाचा, लिटर प्रति सेकंद किंवा सीएफएममध्ये (मिनिटाला घनफूट). १ लिटर प्रति सेकंद म्हणजे साधारण २.१ सीएफएम. ५० लिटरच्या पुढे असेल तर सोफ्याला पुरेसा.

हे दोन्ही आकडे एकाच वेळी मिळत नाहीत. व्हॅक्युम मोजतात तेव्हा तोंड पूर्ण बंद असतं आणि प्रवाह मोजतात तेव्हा पूर्ण उघडं. सोफ्यावर काम चालतं ते या दोहोंच्या मधे. म्हणून एकच आकडा प्रचंड आणि दुसरा लपवलेला, असं माहितीपत्रक असेल तर विचारा. उत्तर नसेल तर पुढचं दुकान.

उदाहरण हवं असेल तर कार्चरच्या पुझी १०/१ चं माहितीपत्रक उघडून बघा. नावातला १० हा आकडा स्वच्छ पाण्याच्या लिटरचा आहे, आणि फवारा मिनिटाला १ लिटर, तोही जेमतेम १ बार दाबाचा. गालिच्याची मोठी मशीनं ५०० पीएसआय, म्हणजे जवळपास ३४ बार दाब देतात. सोफ्यासाठी तो दाब शिक्षाच आहे. पाणी कापड ओलांडून थेट फोममध्ये शिरतं आणि तिथून कुठलीही मोटर ते पूर्ण बाहेर काढू शकत नाही. सोफ्याला १ ते ७ बार, म्हणजे १०० पीएसआयपर्यंत पुष्कळ झालं. त्यापुढचं मशीन घेतलंत तर दाब कमी करणारा नॉब आहे ना, ते बघूनच घ्या.

मोटर 'बायपास' प्रकारची आहे का, हे नक्की विचारा. अशा मोटरला थंड करणारी हवा वेगळ्या वाटेने येते, ओढलेली ओली हवा मोटरच्या वायंडिंगवरून जात नाही. स्वस्तातल्या कोरड्या व्हॅक्युमची मोटर टाकून बनवलेली यंत्रंही बाजारात आहेत. ती आधी नीट चालतात आणि पहिल्या पावसाळ्यात जळतात.

४. हँड टूल: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

मशीन सारखंच असलं तरी नुसत्या टूलमुळे सोफा वाळायला निम्मा किंवा दुप्पट वेळ लागू शकतो. आणि नेमकं हेच लोक बघत नाहीत, कारण ते मशीनबरोबर 'फ्री' येतं.

रुंदी. सोफ्यासाठी तोंड साधारण १० सेंटिमीटर रुंद असावं. तेवढीच हवा अरुंद फटीतून गेली की वेगाने जाते आणि वेग असेल तरच धाग्यातलं पाणी सुटतं. गालिच्याचं रुंद टूल सोफ्यावर फिरवलं तर काम लवकर झाल्यासारखं वाटतं, पण अर्ध्या तोंडाखाली कापड नसतं आणि हवा तिथूनच निघून जाते. सोफ्याचा हात, पाठीची गोलाई, पायपिंगची कड, बटणांचे खळगे या सगळ्या जागांवर तोंड टेकलं पाहिजे.

ओठ. टूलच्या तोंडाची कड बोटाने चाचपून बघा. ती गुळगुळीत आणि सरळ हवी. साच्यातून काढताना राहिलेला प्लास्टिकचा बारीक काटा चेनिलचा धागा ओढून काढतो, आणि मग सोफा तुमच्या गळ्यात पडतो. टूल काचेच्या टेबलावर टेकवून मशीन चालू करा. ते घट्ट चिकटलं, आवाज बदलला, तर ओठ सरळ आहे. बाजूने शिट्टी वाजली तर तिथून हवा गळतेय.

फवारा आत की बाहेर. उघड्या फवाऱ्याच्या टूलमध्ये पाणी तोंडाच्या पुढे पडतं, कापडात मुरतं आणि मग ओढलं जातं. मळकट पॉलिएस्टरला हे उत्तम. पण लाकडी हात, शेजारची भिंत आणि तुमची पँट यांवरही शिंतोडे उडतात. बंदिस्त फवाऱ्याच्या टूलमध्ये जेट, म्हणजे फवारा सोडणारं बारीक भोकाचं तोंड, टूलच्या आतच असतो. पाणी कापडाच्या पृष्ठभागावरून सरकतं आणि लगेच ओढलं जातं. कापड कमी भिजतं. जूट, लिनन, सुती कापडाला हेच हवं. हायड्रामास्टरचं ड्रायमास्टर हे या जातीतलं जगभर माहीत असलेलं टूल. तशी टूल्स महाग असतात, त्यामुळे पहिल्या दिवशी नको. उघड्या फवाऱ्याचं एक चांगलं टूल घ्या, आणि नाजूक कापडाची कामं यायला लागली की बंदिस्त घ्या.

पारदर्शक डोकं. हे दिखाव्यासाठी नाही. घाण पाणी कधी स्वच्छ व्हायला लागलं आणि पाणी येणं कधी थांबलं, हे डोळ्याला दिसतं. पाणी थांबल्यावरही त्याच पट्ट्यावर दोन-तीन कोरडे हात फिरवायचे असतात, आणि नवखा माणूस नेमके तेच चुकवतो.

ट्रिगर. दिवसभर बोट दाबून धरायचं आहे. ट्रिगर कडक असेल तर दुसऱ्या सोफ्यालाच मनगट बोलायला लागतं. हातात घेऊन खूप वेळा दाबून बघा. सोडल्यावर फवारा तत्काळ थांबला पाहिजे. थेंब-थेंब गळत राहिलं तर सुक्या झालेल्या भागावर ठिपके पडतात. आतली ओ-रिंग (गळती थांबवणारी रबरी रिंग) सुटी मिळते का, तेही विचारा.

जोडणी. सगळ्यात कंटाळवाणी पण सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. व्हॅक्युमच्या नळ्या ३२ मिलिमीटर आणि ३८ मिलिमीटर अशा दोन मापांच्या आढळतात. काही कंपन्यांचं टूल फक्त त्यांच्याच मशीनला बसतं. ऑनलाइन टूल मागवण्याआधी स्वतःच्या नळीचं बाहेरचं आणि आतलं माप व्हर्नियरने घ्या आणि पाण्याच्या नळीचा कपलर (जोडणारा तुकडा) पाव इंची आहे का ते बघा.

५. जेटवरचा आकडा

टूलच्या तोंडातल्या पितळी किंवा स्टीलच्या जेटवर '८००१' असं काहीतरी कोरलेलं असतं. पहिले दोन अंक म्हणजे फवाऱ्याचा कोन, ८० अंश. शेवटचे '०१' म्हणजे ४० पीएसआय दाबाला मिनिटाला ०.१ अमेरिकन गॅलन, साधारण ३८० मिलिलिटर. '०२' असेल तर दुप्पट. दाब चौपट केला की पाणी दुप्पट होतं. विक्रेत्याला हे सहसा ठाऊक नसतं, त्यामुळे '०४'चा गालिच्याचा जेट लावलेलं सोफा टूल गळ्यात मारलं जातं. सोफ्याला '०१' किंवा '०१५' योग्य.

६. दुकानात घ्यायची परीक्षा

सोबत एक जाड टर्किश टॉवेल, जुन्या कुशनचा तुकडा आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा न्या. दुकानदार हसेल, हसू द्या.

कोरडं कुशन तोला. समजा ६०० ग्रॅम भरलं. मशीनच्या टाकीत साधं पाणी भरा आणि रोज कराल तसंच काम करा: ट्रिगर दाबून एक पट्टा ओढा, सोडून दोनदा कोरडा ओढा. पूर्ण बाजू झाल्यावर परत तोला. ७०० ग्रॅम भरलं तर १०० मिलिलिटर पाणी आत राहिलं, कारण एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम. आता तेच कुशन वाळवून, किंवा दुसरं तेवढंच कुशन घेऊन, दुसऱ्या मशीनवर करा. जे कमी पाणी आत ठेवेल ते मशीन चांगलं. वॅट, बार, सीएफएम यांच्या वादाचा निकाल या काट्यावर लागतो. शेवटी कुशनवर कोरडा टॉवेल घालून तळहाताने दाबा. टॉवेल दमट झाला तर चालेल, ओला झाला तर नको.

डेमो नाकारणाऱ्याकडून घेऊ नका. ऑनलाइन घ्यायचंच असेल तर तुमच्या शहरात ते मशीन असलेला एखादा माणूस शोधा. या धंद्यातली माणसं वाटतात तेवढी हातचं राखून ठेवणारी नाहीत, चहावर तासभर बोलतात.

७. वीज, पाणी आणि ॲक्टिव्हा

घरातल्या साध्या ६ अँपिअरच्या प्लगवर २३० व्होल्टला १,३८० वॅट एवढीच मर्यादा. सव्वा हजार वॅटचं मशीन त्यावर चालतं. हीटर असलेलं मशीन १६ अँपिअरचा प्लग मागतं, आणि तो हॉलमध्ये एसीच्या मागे असतो, नाहीतर किचनमध्ये. म्हणून जाड तारेचं, अर्थिंग असलेलं एक्स्टेन्शन स्वतःचं ठेवा. जुन्या इमारतींत अर्थिंग असल्याची खात्री नसते. ओल्या हातांनी काम आहे, तेव्हा प्लगमध्येच बसणारं आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) वापरा. परदेशातून कुणी मशीन आणून देतो म्हणाला तर त्यावरची व्होल्ट-हर्ट्झची प्लेट वाचा. अमेरिकेतलं मशीन १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं असतं, आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ.

हीटर पहिल्या मशीनला लागत नाही. गीझरचं कोमट पाणी घ्या. मात्र पंप किती तापमानापर्यंत चालतो ते माहितीपत्रकात बघा.

पुण्याजवळच्या वाघोलीसारख्या टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याच्या भागात क्षार जास्त. तिथे जेट भराभर बुजतो, त्यामुळे पंपाआधी गाळणी असलेलं मशीन घ्या. आणि वजन! दहा-बारा किलोचं मशीन ॲक्टिव्हाच्या फूटबोर्डवर बसतं, लिफ्ट बंद असेल तर जिन्याने नेता येतं. चाळीस किलोच्या मशीनला टेम्पो लागतो, आणि मग एका सोफ्याच्या कामाला ते परवडत नाही.

८. हिशेब, कागद आणि बरोबर ठेवायचं सामान

हिशेब साधा ठेवा. धरा, मशीन आणि टूल मिळून ६०,००० रुपये गेले आणि सगळा खर्च वजा जाता सीटमागे १२० रुपये उरतात. म्हणजे ५०० सीट, पाच सीटरचे १०० सोफे झाल्यावर मशीन फिटलं. तुमच्या गावातले दर टाकून हेच गणित करा आणि मगच हप्ता ठरवा.

मशीन घेताना हे कागद घ्या:
- पक्कं जीएसटी बिल, त्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर
- वॉरंटी कार्ड. मोटर आणि पंप दोन्ही त्यात येतात का ते वाचून
- सुट्या भागांची किंमत लेखी: मोटर, पंप, कार्बन (मोटरमधले झिजणारे ब्रश), नळी, जेट

सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला २० लाखांपर्यंत असेल तर महाराष्ट्रात सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. मात्र नोंदणी नसेल तर मशीनवर भरलेला जीएसटी परत मिळत नाही, तो खर्चातच धरा. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) आधारवर ऑनलाइन, मोफत होते. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. मोठ्या सोसायट्यांच्या गेटवर ओळखपत्र मागतात, ते खिशात असू द्या.

बॅगेत काय हवं:
- कोरडा व्हॅक्युम. आधी धूळ काढली नाही तर तिचा चिखल होतो
- घोड्याच्या केसांचा किंवा तसाच मऊ ब्रश. ड्रिलला लावायचा कडक ब्रश लव उपटतो
- पीएच ८ ते १० चा अपहोल्स्टरी शाम्पू, नाजूक कापडासाठी न्यूट्रल शाम्पू
- ॲसिड रिन्स (शाम्पूनंतर मारायचं सौम्य आम्लाचं पाणी), डीफोमर (फेस मारणारं द्रव), पांढरी फडकी

डीफोमर घाण पाण्याच्या टाकीत आधीच टाका. फेस मोटरपर्यंत चढला तर टाकी भरली की ओढ थांबवणारा तरंगता फ्लोटही त्याला अडवू शकत नाही.

ॲसिड रिन्स का, ते हळदीच्या डागावर कळतं. आमटीच्या पिवळ्या डागावर अल्कलाइन शाम्पू पडला की तो क्षणात लालभडक होतो आणि घरातल्या काकू "अहो, हे काय केलंत!" म्हणून उभ्या राहतात. घाबरू नका, हळद अल्कलीत लाल होतेच. रिन्स मारल्यावर पुन्हा पिवळी होते. उरलेला पिवळेपणा उन्हात बराच उतरतो, म्हणून कुशनचं कव्हर निघत असेल तर गच्चीचा पत्ता विचारा. काम सुरू करायच्या आधीच हे सांगून ठेवलं तर काकूंचा विश्वास बसतो.

जुलै-ऑगस्टमध्ये हवाच दमट असते. चार-सहा तासांत वाळणारा सोफा तेव्हा दुसऱ्या दिवशीपर्यंत दमट राहू शकतो, तसं फोनवरच सांगा आणि पंखा चालू ठेवायला लावा.

९. रोज रात्री दहा मिनिटं

घाण पाण्याची टाकी रिकामी करून धुवा आणि झाकण उघडं ठेवा. स्वच्छ टाकीत साधं पाणी घालून मिनिटभर फवारा सोडा, नाहीतर शाम्पू पंपात सुकतो. आठवड्यातून एकदा जेट काढून सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात भिजवा. टाचणीने टोचू नका, भोक वेडंवाकडं होतं आणि फवारा एका बाजूला पडतो.

मोटरमधून जळका वास यायला लागला किंवा ठिणग्या वाढल्या तर बहुधा कार्बन झिजलेत. ते बदलणं स्वस्त आहे. तसंच चालवत राहिलात तर आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) जातं आणि मोटरच बदलावी लागते. कार्बनचा एक जादा जोड बॅगेत ठेवा, कारण कामं शनिवार-रविवारी असतात आणि सुट्या भागांची दुकानं रविवारी बंद.